ढाल, बूट की कंदील

लग्न होऊन या घरात आले, तेव्हा माझी आणि नणंदेची मैत्री जमली ती मोबाइलवरच्या लढाईच्या एका गेममुळं. ती पोलीस भरतीची तयारी करत होती. सकाळी डांबरी रस्त्यावर पळून यायची आणि दुपारी भांडी आवरली की आम्ही दोघी ओसरीत एकाच फोनवर डोकं घालून बसायचो. गेममध्ये आपली एक टोळी असायची. लढाईआधी टोळीतल्या प्रत्येकाला तीनच वस्तू निवडून द्यायच्या: तलवार, ढाल, पळायचे बूट, कंदील, असलं काहीबाही. एकदा लढाईला तोंड लागलं की बदल नाही.

मी कायम सगळ्यात मोठी तलवार उचलायचे. नणंद म्हणायची, "वहिनी, समोरचा दिसलाच न्हाय तर तलवार मारताय कुणाला? कंदील घ्या." कंदिलानं कुणाला मार बसत नसे, फक्त झाडीत दबा धरलेला शत्रू आधी दिसायचा. तिची माणसं बहुतेक वेळा जगायची. माझी मोठ्या जोरात निघायची आणि पहिल्याच झाडीत मरायची.

त्या हिवाळ्यात डोंगरातनं बिबट्या खाली उतरला. आधी वस्तीवरचं कुत्रं गेलं, मग एका गोठ्यातलं वासरू. वनखात्याची माणसं येऊन झाडांना कॅमेरे बांधून गेली, दिवस मावळायच्या आत घरी या म्हणाली. वाऱ्यानं ऊस सळसळला तरी मी दार ओढून घ्यायचे. सासूबाई मात्र शेळ्या घेऊन रोज रानात, आमच्या पत्र्याच्या शेडकडं जायच्या. "शेळ्यांना कोण सांगणार, आज उपास धरा म्हणून?" एवढंच म्हणायच्या.

एका संध्याकाळी त्या आल्या नाहीत. फोन लावला तर बंद. सासरे भूमच्या बाजाराला गेलेले, माझे मालक धाराशिवहून येणाऱ्या एसटीत. शेजारच्या चुलत सासऱ्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "ट्रॅक्टरला नांगर जोडलाय. सोडून येतो, तवर थांबा." नणंद थांबायला तयार नव्हती. आणि तिला एकटीला पाठवायचं माझ्या मनाला पटेना.

मी कोयता घेतला. दिवाळीतनं उरलेले तेरखेड्याचे सुतळी बॉम्ब ओच्यात टाकले, काडेपेटी घेतली. नणंदेनं मोठी बॅटरी, स्टीलचं ताट आणि पळी घेतली.

"ताटानं बिबट्या मरंल व्हय?" मी विचारलं.

"मारायचाय कुणाला? त्याला कळाया पाहिजे आपण येतोय, अन् आपल्याला कळाया पाहिजे तो कुठं हाय."

शेताकडं जाणाऱ्या पाणंदीच्या दोन्ही बाजूंनी ऊस. नणंद कमरेला खोवलेलं ताट पळीनं वाजवत, दुसऱ्या हातानं बॅटरी सावकाश फिरवत पुढं, मी तिच्या मागं. कोयता धरलेल्या हाताला इतका घाम सुटला होता की मूठ सारखी निसटत होती. शेतातलं पत्र्याचं शेड दिसायला लागलं, आणि बांधावर बॅटरीच्या उजेडात दोन डोळे चमकले. हिरवट, जमिनीलगत. हलत नव्हते.

माझे पाय आपोआप मागं वळले. नणंदेनं मनगट पकडलं. सगळ्या गावात पळण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण ती म्हणाली, "पळायचं न्हाय. पाठ करू नका. वाजवा." तिनं ताट-पळी माझ्या हातात दिली. कोयता खाली पडला, तो उचलायला मी वाकले नाही. ती उजेड त्या डोळ्यांवर धरून राहिली, मी ताट बडवत राहिले, आणि आम्ही आडव्या पावलांनी शेडकडं सरकलो. डोळे एकदा मिटले, मग दिसेनासे झाले. ते दिसत होते तोवर बरं होतं, असं तेव्हा वाटलं.

"आई, दार उघड," नणंद ओरडली.

सासूबाईंनी आतून कडी काढली, आम्ही आत शिरलो. शेळ्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटून उभ्या, एकही ओरडत नव्हती. "उन्हं होती तवाच बांधावर येऊन बसलंय," त्या हळूच म्हणाल्या. "फोनचा जीव गेला. मग दार लावून घेतलं."

मी ओच्यातनं सुतळी बॉम्ब काढले. त्यांनी हात दाबला. "समदा कडबा भरलाय इथं. ठिणगी पडली तर बिबट्या ऱ्हाईल बाहेर, आपण जळू आत."

मग आम्ही तिघी दाराला पाठ लावून बसलो. एकदा पत्र्याला बाहेरून काहीतरी घासत गेलं. सासूबाईंनी माझं डोकं आपल्या मांडीवर दाबून धरलं, लेकराचं धरतात तसं. ट्रॅक्टरचा आवाज आला तरी आम्ही कडी काढली नाही. चुलत सासऱ्यांनी हेडलाइट शेडवर धरले, चार माणसं काठ्या आपटत उतरली, तेव्हा कुठं दार उघडलं.

सकाळी वनखात्याच्या माणसानं शेडभोवतीच्या ओल्या मातीत ठसे दाखवले. मोठ्या ठशांशेजारी लहान ठसे होते. "पिल्लू हाय संगं," तो म्हणाला. सासूबाई त्या लहान ठशांशेजारी खाली बसल्या. मग म्हणाल्या, "तिलाबी लेकराला खायला घालायचंच की."

बिबट्या सापडला नाही. गेम आम्ही अजून खेळतो, पण अंधाऱ्या रानाची लढाई आली की मी फोन नणंदेकडं देते. साखर कारखान्याची टोळी येऊन ऊस तोडून गेली, रान लांबपर्यंत उघडं पडलं, तेव्हा मी पहिल्यांदा एकटी शेळ्या घेऊन त्या शेडकडं गेले. भर दुपार होती. तरी आत गेल्याबरोबर दाराला कडी घातली आणि बाहेरच्या आवाजाकडं कान देऊन उभी राहिले.