ओवाळणीतल्या काचा

गॉगल लावून शाळेत जाणारी बाई कुंभार पिंपळगावात तोवर कोणी पाह्यली नव्हती. तो मान माझा. हौस म्हणाल तर बिलकुल न्हाई. उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूनं मांस वाढून बुबुळाकडं सरकत चाललं होतं. जालन्याच्या डॉक्टरांनी ते कापून काढलं आणि बजावलं, ऊन आणि धूळ यांच्यापासून हा डोळा जपा, न्हाईतर ते पुन्हा येईल. पुन्हा येऊन बुबुळावर चढलं तर नजर जाईल, हेही त्यांनी तोंडावर सांगितलं. पहिलीच्या पोरांना अक्षरं गिरवायला शिकवणाऱ्या बाईची नजर गेली तर तिनं करायचं काय? म्हणून दवाखान्याखालच्या दुकानातून काळ्या काचांचा गॉगल घेतला आणि लावूनच घरी आले.

सासूबाईंनी दारातच थांबवलं. कुंकू तेवढं दिसून राह्यलं, सूनबाईचं तोंड कुठं गेलं, असं त्या शेजारणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या. आमचे हे चार दिवस मला हिरॉईन म्हणत होते. माझी शाळा घनसावंगीच्या वाटेवर, तिकडं जाणाऱ्या जीपवाल्यानं मात्र न सांगता पुढची सीट द्यायला सुरुवात केली. शाळेत तर वेगळीच मजा झाली. बाई नेमक्या कोणाकडं बघतात ते पोरांना कळेना, त्यामुळं सगळा वर्ग चिडीचूप. आठ वर्षांच्या नोकरीत जे छडीनं जमलं न्हाई ते गॉगलनं एका दिवसात केलं.

रागावला तो फक्त माझा भाऊ. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. जालन्यात त्याचं चष्म्याचं दुकान, आणि बहिणीनं गॉगल दुसऱ्याकडून घ्यावा? मला म्हणाला, लोक हसतील. त्याचं चुकलं असं मला तेव्हा वाटलं न्हाई. त्याला या धंद्यात मीच घातला होता. दहावीला दोनदा आपटला आणि माहेरी केदारखेड्याला बांधावर बसून दिवस काढायला लागला, तेव्हा मी जालन्यात शिकायला होते. आमच्या खोलीच्या मालकिणीचा दीर चष्म्याच्या काचा घासायचा. त्याच्या हातापाया पडून मी भावाला तिथं बसवलं. पोरगं हुशार निघालं. हातात कला होती. त्याच्या दुकानाची पाटी लागली त्या दिवशी मी वर्गात पेढे वाटल्ते.

दिवाळीच्या आधी जीपमध्ये ही गर्दी. मांडीवर पिशव्या, पिशव्यांवर दुसऱ्यांची लेकरं. कोणाच्या तरी स्टोव्हचा पाय गॉगलवर बसला आणि एक काच तडकली. दवाखान्याखालच्या दुकानात जाऊन तसलीच काच बसवून आणायची, सरळ गोष्ट. पण भावाचं ते बोलणं डोक्यात होतं. मी फ्रेम रुमालात गुंडाळली आणि ओळखीच्या कंडक्टरच्या हाती भावाकडं पाठवून दिली. चिठ्ठीत लिहिलं, डॉक्टरांनी सांगितलेल्या काचा टाक, ऊन अडवणाऱ्या. मधले दहा दिवस पदर कपाळावर ओढून शाळा केली.

भाऊबीजेला तो आला. मी पाट मांडला, त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, ओवाळलं, आणि त्यानं खिशातून माझा गॉगल काढून ताटात ठेवला. दोन्ही काचा नव्याकोऱ्या, काळ्याभोर. म्हणाला, यंदा साडी न्हाई, अक्का, यंदा डोळ्याची ओवाळणी. अस्सल काच आहे, डॉक्टर लोक स्वतःसाठी हीच नेतात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच सांगते. सासूबाईसुद्धा गप्प झाल्या. भाऊ असावा तर असा, असं यांनीही म्हटलं.

आमच्याकडं ओवाळणीत पडलेली वस्तू कोणी उलटीपालटी करून बघत न्हाई. साडी असली तर पदर उलगडून पोत बघायचा न्हाई, कितीला घेतली विचारायचं न्हाई. बाकी आमच्या बायका भाजीवाल्याला रडकुंडीला आणतील, भेंडीचं एकेक टोक मोडून बघतील. पण भावानं टाकलेलं ते सोनं. पारखलं की भावाचा अपमान, आणि सासरच्यांसमोर माहेराचा अपमान. मीही गॉगल कपाळाला लावला आणि डोळ्यांवर चढवला. काचा आधीपेक्षा जास्त काळ्या होत्या. म्हटलं, जितकी काळी तितकी चांगली.

महिन्याभरात डोळा लाल व्हायला लागला. आधी संध्याकाळी, मंग सकाळी उठल्यापासूनच. पाणी गळायचं, खुपायचं. मी कोणाकोणाला दोष दिला म्हणून सांगू! सासूबाईंच्या चुलीला दिला, मिरच्या कुटणाऱ्या शेजारणीला दिला, वेचणीला आलेल्या कापसाला दिला. जीपवाल्याशी तर भांडलेच, पडदा नीट बांधत न्हाई म्हणून. बिचाऱ्यानं नवा पडदा शिवून आणला. गॉगलवर मात्र माझा संशय एकदाही गेला न्हाई. उलट मी तो जास्त वेळ लावायला लागले, वर्गातसुद्धा काढीना.

गावात एसटीडी बूथ तेव्हा नवीनच आल्ता. तिथून भावाला फोन केला. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, थेंब बराबर टाकती का? टाकते म्हटलं. मंग म्हणाला, तो डॉक्टरच बोगस आहे, नुसता खर्चा करायला लावतो, तपासायला जाऊच नको. डिसेंबरात मला तपासायला बोलावलं होतं. मी गेले न्हाई. संक्रांतीला तो घरी आला. माझा डोळा तेव्हा जास्वंदीसारखा लाल. त्यानं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं, नीट बघितलं, आणि पुन्हा तेच सांगितलं. थंड पाण्यानं धू, औरंगाबादला एक चांगला डॉक्टर आहे, उन्हाळ्यात जाऊ. मी तिळाचा लाडू त्याच्या हातावर ठेवला. माझ्या डोळ्याची केवढी काळजी, या विचारानं माझा ऊर भरून आल्ता.

उन्हाळ्यापर्यंत थांबायची वेळच आली न्हाई. मार्चमध्ये एके सकाळी पोरांच्या पाटीवरचं अक्षर मला दोनदा दिसलं. डावा डोळा झाकला तर पाटीवर नुसता धूर. मी हेडमास्तरांकडून रजा घेतली आणि कोणालाही न विचारता जालन्याची गाडी धरली.

डॉक्टरांनी आधी माझं डोकं खाल्लं, तीन महिने कुठं होता म्हणून. मी मान खाली घातली. मंग त्यांनी डोळा बघितला आणि त्यांचा आवाज उतरला. मांस परत आलं होतं, पहिल्यापेक्षा जाड, आणि बुबुळावर चढलं होतं. पुन्हा कापावं लागणार होतं, आणि कापलं तरी डाग राहणार होता. तो राह्यला. आज या डोळ्यानं मला फळा दिसतो, फळ्यावर काय लिहिलंय ते दिसत न्हाई.

उठताना मी गॉगल लावला, तेव्हा त्यांनी हात पुढं केला. काच खिडकीशी धरली, नखानं कडेला ओरखडा काढला. ओरखडा उठला. ही काच न्हाई, रंगवलेलं प्लास्टिक आहे, असं ते म्हणाले. काळोख समजून माझा डोळा सताड उघडा राहत होता आणि त्या काळ्या प्लास्टिकमधून ऊन सरळ आत येत होतं. काही न लावता फिरला असता तरी इतकं झालं नसतं, हेही म्हणाले. मी ताडकन बोलले, शक्यच न्हाई, माझ्या भावानं दिल्यात या काचा, त्याचं दुकान आहे. डॉक्टरांनी गॉगल पुसून माझ्या हातात दिला.

दवाखान्यापासून भावाचं दुकान चालत पंधरा मिनिटं. त्या पंधरा मिनिटांत मी त्याला किती वेळा सोडवलं! त्यालाच कोणीतरी फसवलं असेल. मुंबईचा माल, पुडक्यावर काहीही छापतात. दुकानात कामाला असलेल्या पोराच्या हातून डबे बदलले असतील. दुकानाच्या पायरीवर पोचेपर्यंत मला त्याचीच दया यायला लागली होती. बिचाऱ्याला हे कळलं तर काय वाटेल, असं माझ्या मनात होतं, आणि ते आठवलं की आजही मला माझाच राग येतो.

आत एक गिऱ्हाईक होतं, पांढऱ्या कपड्यातले, बोटात अंगठ्या घातलेले गृहस्थ. भावानं मला हातानंच बस म्हटलं. त्यांच्या गॉगलला काचा बदलायच्या होत्या. त्यानं खालचा खण ओढला, कागदात गुंडाळलेली जोडी काढून पुढं ठेवली. गृहस्थांनी एक काच कडेनं धरली आणि समोरच्या दातावर हळूच वाजवली. टण् असा बारीक, स्वच्छ आवाज झाला. दुसरीही वाजवली. मान हलवली. भाऊ हसून म्हणाला, शेठ, तुम्हाला प्लास्टिक देऊन मी कुठं जाऊ?

म्हणजे त्याला फरक माहीत होता. कोणता माल कोणत्या खणात आहे तेही माहीत होतं. मी बाकावर बसल्या बसल्या माझा गॉगल काढला आणि दातावर वाजवला. बोटानं पुठ्ठ्यावर टिचकी मारावी तसा आवाज आला. गृहस्थांनी वळून बघितलं. भावानं बघितलं न्हाई. तो फ्रेमचा स्क्रू पिळत राह्यला, पण त्याचे कान लाल झाले.

गिऱ्हाईक गेल्यावर मी गॉगल काउंटरवर ठेवला आणि त्याला डॉक्टर काय म्हणाले ते सगळं सांगितलं. दुसरं ऑपरेशन, डाग, सगळं. रडले न्हाई. तो काउंटरच्या मागंच उभा. तिथूनच सांगायला लागला, दिवाळीत गर्दी होती, अस्सल जोडी एकच उरली होती, आणि मोठं गिऱ्हाईक समोर बसलेलं. नंतर तुझ्या बदलूनच देणार होतो.

"आणि मला प्लास्टिक का?" मी विचारलं.

"अक्का, गिऱ्हाईक वाजवून बघतं. तू कुठं बघणार होतीस?"

त्यानं हे काही उद्धटपणानं म्हटलं न्हाई. अगदी साधं म्हटलं, खरं तेच सांगितलं. एखाद्यानं चापट मारली असती तर मी उलटून दिली असती. याला काय देणार? मी एवढंच म्हणाले, संक्रांतीला माझं तोंड उजेडात धरून तू डोळा बघितला होतास. तेव्हा का न्हाई बोललास? तेव्हा तरी दोन महिने वाचले असते. तो फडक्यानं काउंटर पुसायला लागला. तेव्हा सांगितलं असतं तर मला खरी काच द्यावी लागली असती, दुकानाची अब्रू गेली असती. डॉक्टरला बोगस म्हटलं की सगळं भागत होतं. ते मी माझं मीच समजून घेतलं.

मंग तो एकदम घाई करायला लागला. खालचा खण ओढला, दुसरी जोडी काढली, आत्ता जल्दी बसवून देतो, पाच मिनिटं बस, म्हणाला. जोडीवरचा कागद घाईघाईनं फाडायला लागला. लहानपणी शाळेत जाताना माझ्या बोटाला धरायचे तेच हात, आणि मला ते बघवेनात. मी हात पुढं केला. त्यानं आधी गॉगल मागतेय असं समजून तो दिला, मी डोकं हलवलं, तेव्हा काचा दिल्या. थंडगार होत्या. मी एक उचलून तोंडाजवळ नेली.

"अक्का, माझ्यासमोर तरी नको," तो म्हणाला.

मी ती त्याच्यासमोरच दातावर वाजवली. मंग दुसरी घेतली, तीही वाजवली.