चार मतदारसंघ आणि एक हातगाडी

मालिये क्ल्युची या गावात कापामावशीला ओळखत नाही असं माणूस नव्हतं, आणि तिच्या हातगाडीच्या आवाजाने भुंकायचं थांबत नाही असं कुत्रं नव्हतं. गाडीला जुन्या बाबागाडीची दोन चाकं. वर चाळीस लिटरचा दुधाचा कॅन, दोरीने आवळलेला. सकाळी दोन खेपा, दुपारनंतर एक. गावाच्या नावाचा अर्थ ‘लहान झरे’, पण पिण्याजोगा झरा एकच उरला होता आणि तोही खालच्या ओढ्यात. उतरताना गाडी माणसाला ओढायची, चढताना माणूस गाडीला.

सामूहिक शेतीच्या काळातली लोखंडी टाकी एक्क्याण्णवच्या हिवाळ्यात गोठून उभी फाटली. तेव्हापासून नळ नुसते खांबासारखे उभे होते.

कापितोलिना सावेल्येव्ना हे तिचं पूर्ण नाव. ती गावच्या वाचनालयात कामाला होती आणि त्र्याण्णवच्या निवडणुकीपासून मतदान केंद्राची सचिव. तिच्या हातच्या अहवालात कधी खाडाखोड नसायची. मतदानाच्या दिवशी गाडीवरून कॅन उतरायचा आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठीची लहान मतपेटी चढायची. डिसेंबरात मतदान असलं की गाडीऐवजी घसरगाडी, एवढाच फरक.

उमेदवाराच्या हाती मतदारांनी लेखी आज्ञा द्यायची, ही तिकडची जुनी रीत. त्र्याण्णवमध्ये दाढीवाले एक प्राध्यापक मतं मागायला आले तेव्हा तिने गावाच्या वतीने एकच ओळ लिहून दिली: ‘आम्हांला पाण्याची टाकी द्या.’ प्राध्यापकांनी कागद छातीशी धरला, निवडून आले, आणि दोन वर्षांनी त्यांचं पत्र आलं. मतदारसंघाच्या सीमा बदलल्या आहेत, आपलं गाव आता रेल्वेच्या शहराकडे नसून साखर कारखान्याच्या शहराकडे गेलं आहे, तरी आपला अर्ज तिकडे पाठवीत आहोत.

तिने वाचनालयातल्या भिंतीवरच्या नकाशावर जुन्या सीमेच्या लाल रेषेशेजारी निळी रेष ओढली आणि नवा अर्ज लिहिला.

साखर कारखान्याचे साहेब दोनदा निवडून आले. दुसऱ्या खेपेला म्हणाले, “मावशी, टाकी मंजूर झाली समजा.” ती समजली. दोन हजार तीनच्या निवडणुकीआधी नकाशा पुन्हा बदलला आणि गाव राजधानीच्या पूर्वेकडच्या मतदारसंघात गेलं. हिरवी रेष. तिथल्या निवृत्त जनरलांच्या कचेरीने लिहिलं, ‘आपला अर्ज आपल्या मतदारसंघाकडे वर्ग केला आहे.’ वर्ग केला होता तो साखरेच्या शहराकडे. त्यांच्या कारकुनाकडे जुना नकाशा होता.

दोन हजार सातला तर मतदारसंघच रद्द झाले. फक्त पक्षांच्या याद्या.

“आता यादीला पत्र कसं लिहायचं?” तिने केंद्रातल्या ग्लाफिराला विचारलं. ग्लाफिरा मतदानाच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात कोबीचं सारण भरलेले भाजके पिरोग विकायची आणि वर्षभर सगळ्यांना सल्ले.

“‘प्रिय यादीस’ असं लिही,” ग्लाफिरा म्हणाली. “उत्तर तेवढंच येईल.”

कापामावशी जिल्हा कचेरीलाही दरवर्षी लिहायची. जिल्ह्याचं उत्तर एकच असायचं, आपल्या लोकप्रतिनिधीशी संपर्क साधावा.

दोन हजार सोळा साली मतदारसंघ परत आले, दहा वर्षांसाठी आखलेल्या नव्या रेषांसकट. या वेळी जांभळी पेन्सिल. ग्लाफिराने पिरोग कापावा तसा तुकडा पडला होता: टोक राजधानीतल्या लिफ्टवाल्या इमारतींत, रुंद बाजू इथे जंगलात. कापामावशी अडुसष्ट वर्षांची झाली होती. उजवा गुडघा चढावर आवाज करायचा. शहरातल्या लेकीने, इनेसाने, फोनवर निर्वाणीचं सांगितलं होतं.

“आई, पहिला बर्फ पडायच्या आत मी तुला न्यायला येणार. बर्फावर तू त्या ओढ्यात उतरणार नाहीस.”

“आणि शेळी?”

“शेळी विकायची.”

“आणि वाचनालय?”

“आई, पाणी आहे का? नाही ना? मग विषय संपला.”

म्हणजे बर्फाच्या आत टाकी, नाहीतर सातव्या मजल्यावरची खोली. कापामावशीने नवा अर्ज लिहिला, तोच, फक्त तारीख बदलून.

जुलैच्या अखेरीस जांभळ्या मतदारसंघाच्या उमेदवाराचा एक मदतनीस आला. बूट पांढरे, कपाळाला घाम. त्याने अर्ज घेतला आणि फोनमध्ये पाहू लागला.

“मावशी, तुमचं गाव आमच्या यादीत दिसत नाही.”

“खाली जा. आडनावांसारखं अक्षरांनी लावलंय. ‘म’ काढ.”

“हां... आहे, आहे. पण टाकी म्हणजे जिल्ह्याचा विषय. आमचे साहेब देशाचे कायदे करायला चाललेत. टाकीशी त्यांचा संबंध काय?”

कापामावशीने अर्जांची फाईल उघडून टेबलावर ठेवली. फाईल दोन बोटं जाड होती.

“तेवीस वर्षं,” ती म्हणाली. “तेवीस वर्षांत हे मला एकानेही सांगितलं नाही.”

“तुम्ही कुणाला विचारलं नसेल.”

“बाळा,” कापामावशी म्हणाली, “दार तिकडे आहे. आणि ते बूट ओढ्याकडून नेऊ नकोस. चिखल आहे.”

त्या दुपारी तिने गाडी ओढली नाही. स्वयंपाकघरात बसून तिने पाच ओळींचं पत्र लिहिलं. ‘मला हात दोन आणि गाडी एक. गाडीवर एका वेळी एकच वस्तू मावते. मतदानाच्या दिवशीही माणसांना आणि जनावरांना तहान लागते. वयोमानाने दोन्ही कामं होत नाहीत. तरी मतदान केंद्राच्या सचिवपदावरून मला मुक्त करावं.’ यात एक शब्दही खोटा नव्हता, हे तिने दोनदा वाचून पाहिलं.

ग्लाफिराने पत्र वाचलं आणि म्हणाली, “माझंही असंच लिही. मी कशाने पीठ मळायचं, थुंकीने?”

केंद्रावर काम करणाऱ्या पाचही बायकांची पत्रं एकाच लिफाफ्यातून गेली.

चौथ्या दिवशी जिल्हा निवडणूक आयोगाचे अध्यक्ष आर्कादी ल्वोविच स्वतः आले. मोटार ओढ्यापाशी रुतली म्हणून चढाव पायीच चढले. कापामावशी तेव्हा कॅन घेऊन वर येत होती. ते मुकाट्याने मागून ढकलू लागले. वर पोचेपर्यंत त्यांचा चेहरा बीटासारखा झाला होता.

“कापितोलिना सावेल्येव्ना, हे काय मांडलंय? सहा आठवड्यांवर मतदान. अहवाल लिहिणारं माणूस कुठून आणू? बदली यादीत तुमच्या गावचं एकच नाव आहे, आणि तो गृहस्थ दोन वर्षांपूर्वी वारला.”

“आता तुम्ही अर्धी खेप ढकललीत. दिवसाला तीन असतात.”

“हे ब्लॅकमेल आहे.”

“नाही हो. गुडघा आहे.”

ते पायरीवर बसले, पाणी प्याले, मग आणखी एक पेला मागितला.

“एक सांगू? रागावणार नसाल तर.”

“तेवीस वर्षं रागावलेच आहे. सांगा.”

“टाकी आहे. जिल्ह्याच्या कोठारामागे आडवी पडली आहे. दोन हजार तीनपासून.”

कापामावशीने कॅनचं झाकण खाली ठेवलं. “कुणाची?”

“तुमचीच. साखरवाल्या साहेबांनी घेतली होती. मग सीमा बदलली. गाव जनरलांकडे गेलं. आपली टाकी दुसऱ्याच्या मतदारसंघात उभी करून श्रेय त्याला कशाला द्या, म्हणाले. आणि जनरल म्हणाले, दुसऱ्याने घेतलेली टाकी मी माझ्या नावाने कशी उभारू? पुढे मतदारसंघच राहिले नाहीत. मग विचारणारंही कुणी उरलं नाही.”

“मी उरले होते,” कापामावशी म्हणाली. “मी दरवर्षी विचारत होते, आर्कादी ल्वोविच. तुमच्याच जिल्हा कचेरीत.”

त्यांनी टोपी हातात फिरवली. फोन लावायला ते कुंपणापाशी गेले, कारण गावात तिथेच रेंज यायची. फोनवर त्यांनी तीन माणसांना शिव्या दिल्या आणि चौथ्याला विनवण्या केल्या. कापामावशीने राजीनामा मागे घेतला नाही. म्हणाली, पाणी येईल त्या दिवशी घेईन, तारीख घालून.

सप्टेंबरच्या सातव्या तारखेला ट्रकवरून टाकी आली, एका बाजूला गंजलेली, आत एका चिमणीचं घरटं. फुटके नळ बदलायला आठवडा गेला. चौदाला सकाळी पहिलं पाणी आलं, आधी चहासारखं, मग ताकासारखं, मग पाण्यासारखं. ग्लाफिरा रडली आणि लगेच पाण्याला लोखंडाचा वास येतो म्हणून भांडली. कापामावशीने राजीनामा मागे घेण्याचं पत्र लिहिलं, मग इनेसाला फोन केला.

“सातवा मजला दुसऱ्या कुणाला दे,” ती म्हणाली.

अठराला मतदान. तिने गाडीवर मतपेटी बांधली आणि गावाच्या टोकाला लुकेर्याकडे गेली. लुकेर्या चार वर्षं पलंगावर होती.

“कापा, आज पाणी नाही आणलंस?”

“तुझ्या दाराशी नळ आहे आता. आज मतपेटी आणलीय.”

लुकेर्याने मतपत्रिका दूर धरून पाहिली. “यातलं टाकी कुणी दिली? त्याच्यावर खूण करते.”

कापामावशीने नावं पाहिली. प्राध्यापक नाही, साखरवाले नाहीत, जनरल नाहीत. पाचही नावं तिने या निवडणुकीतच पहिल्यांदा वाचली होती.

“ते मला सांगता येत नाही.”

“नियम म्हणून?”

“नियमही आहेच,” ती म्हणाली. “घडी घाल आणि टाक.”

संध्याकाळी मतपेटी उतरवून तिने कॅन पुन्हा गाडीवर चढवला, नळाखाली काठोकाठ भरला, दोरी आवळली आणि गाडी अंगणात, कुंपणाच्या आतल्या बाजूला लावून ठेवली. ग्लाफिरा हसली. “आता हे कशाला गं?”

“दहा वर्षांनी नकाशा पुन्हा बदलणार आहे,” कापामावशी म्हणाली आणि घरात गेली.