डोळा जाता जाता दिसलेलं

उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात काळी सावली दिसायला लागली तेव्हा मी आधी चष्मा पुसला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सावली नजरेच्या मध्यापर्यंत चढली होती. या कानडी शहरात विजयनगर भागात आमचं घर. जवळच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय. ऑपरेशन आजच. बाराच्या आत जयनगरच्या हॉस्पिटलात पोचा आणि डोक्याला धक्का लागू देऊ नका." माझा डावा डोळा लहानपणापासून अधू. उजवा गेला तर कामही जाणार, वाचणंही जाणार. नवरा इंदिरानगरच्या ऑफिसातून थेट तिकडे येणार होता. उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून मी एकटीच ऑटोत बसले.

बसल्या बसल्या प्रार्थना सुरू केली, पण ती पुढे सरकेना. "प्रभू, माझा डोळा वाचव" एवढं म्हटलं की गिरिजाक्का समोर उभी राहायची.

मी एका छोट्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायचे, गिरिजाक्का तिथे रक्त काढायची. तीन वर्षांपूर्वी दोन नळ्यांची लेबलं उलटसुलट लागली. दुसऱ्याच माणसाच्या रिपोर्टवरून एका आजोबांना साखरेचं औषध दिलं गेलं आणि ते बेशुद्ध पडले. वाचले, पण जेमतेम. लेबलं मी हातानं लिहून लावली होती. मालकांनी विचारलं तेव्हा सगळ्यांनी गिरिजाक्काकडे पाहिलं. मी खोटं बोलले नाही, नुसती गप्प राहिले. तिला त्याच संध्याकाळी काढून टाकलं. त्यानंतर चर्चमधल्या दर प्रभुभोजनाच्या आधी मी देवाकडे क्षमा मागत आले. तिच्याकडे मात्र एकदाही गेले नाही.

आदल्याच रविवारी आमच्या चर्चच्या मराठी मंडळीत पाळकसाहेब शुभवर्तमानातल्या जन्मांध माणसावर बोलले होते. हा कुणाच्या पापामुळे आंधळा, असं शिष्यांनी विचारलं आणि कुणाच्याच नाही म्हणत प्रभूनं तो हिशेबच मोडून काढला. म्हणून माझा डोळा ही शिक्षा होती, असं मी आजही मानत नाही. पण पाळकसाहेबांचं एक वाक्य मनात रुतून बसलं होतं. प्रभूनं डोळ्यांवर लावलेला चिखल धुवायला तो माणूस तळ्यापर्यंत आंधळाच चालत गेला, ते म्हणाले होते, दिसायला लागलं ते नंतर.

चामराजपेटमध्ये ऑटो थांबला तो थांबलाच. "पुढे रस्ता खोदलाय मॅडम, स्वल्प वेळ लागेल," ड्रायव्हर म्हणाला. मी बाहेर पाहिलं. पिठाची गिरणी आणि तिच्या शेजारची अरुंद गल्ली. गिरिजाक्काच्या मुलीच्या साखरपुड्याला मी याच गल्लीत आले होते. साडेदहा वाजले होते. आणखी पाच मिनिटं बसून राहिले असते तर उतरलेच नसते. उतरले.

ती उंबऱ्याशी बसून साडीला फॉल लावत होती. तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या याच शहरातलं, मराठीत अर्धी कानडी मिसळलेली. "ताई? डोळ्याला काय झालं?"

मी उभ्या उभ्याच बोलले. "अक्का, ती लेबलं मी लावली होती. मला तेव्हाच कळलं होतं आणि मी गप्प बसले."

सुई थांबली. "ठाऊक आहे मला. तुमचं अक्षर मी ओळखत नाही का?"

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. मालकांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, ती चर्चला जाणारी बाई, ती लपवणार नाही."

हे मला माहीत नव्हतं. माफ करा म्हटलं, पण तो शब्द तोंडातून निघताना अगदी हलका वाटला.

"ते इतक्यात नाही जमायचं, ताई. तीन वर्षं कुठल्या लॅबनं दारात उभं केलं नाही मला." मग तिची नजर पट्टीवर गेली. बाराच्या आत ऑपरेशनला पोचायचंय हे मी सांगितलं मात्र, ती उठलीच. "बारा वाजता? आणि इथे काय उभ्या राहिलात!"

मोठा रस्ता बंदच होता. तिनं माझा दंड धरला आणि मला गल्ल्यागल्ल्यांतून पलीकडच्या रस्त्यावर नेलं. "पायरी आहे. आता खड्डा. हळू." दुसरा ऑटो थांबवून ड्रायव्हरला कानडीत दम दिला, की गाडी आपटलीस तर बघ. माझ्या शेजारी बसून माझं डोकं तिनं वाटभर आपल्या खांद्याशी घट्ट धरून ठेवलं. हॉस्पिटलच्या दाराशी बाराला दहा कमी होते. "सरी, ठीक आहे," ती म्हणाली. "बऱ्या झालात की सगळं कागदावर लिहून द्या, सही करून. माफीचं नंतर बघू." आणि गेली.

ऑपरेशन झालं. पडदा जागी बसावा म्हणून पुढचे कितीतरी दिवस पालथं पडून राहायचं होतं. नवरा म्हणाला, "तिला काही मदत करू, पण लेखी कशाला? नोकरी जाईल तुझी." खरं सांगते, मला ते पटलं. दोन दिवस मी तो कागद टाळला. तिसऱ्या दिवशी उशीत तोंड खुपसलेल्या अवस्थेत एकेक वाक्य सांगितलं आणि नवऱ्यानं लिहून घेतलं.

सही केलेला कागद मालकांकडे पोचला आणि नोकरी गेली. त्या आजोबांच्या घरी गेले तेव्हा त्यांच्या मुलानं बसा म्हटलं नाही, पण ऐकून घेतलं. मालकांनी गिरिजाक्काची चूक नव्हती असं लेखी दिलं आणि आता ती दुसऱ्या लॅबमध्ये रक्त काढते. माफ केलं असं ती अजून म्हणाली नाही. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. डोळ्यात औषध वेळेवर घालता का, एवढंच विचारलं आणि ठेवला. फोन ठेवून मी खूप रडले आणि देवाचे आभार मानले.

उजव्या डोळ्याला सरळ रेघ अजून किंचित वाकडी दिसते. तेवढं राहील, डॉक्टर म्हणतात. त्या दिवशी रस्ता खोदलेला का होता, हे मी कुणाशी वाद घालून सांगणार नाही. मी देवाकडे माझा डोळा मागितला होता आणि त्यानं मला त्या उंबऱ्याशी नेऊन उभं केलं, एवढंच मला माहीत आहे. आता प्रार्थनेला बसले की एकच मागते: प्रभू, तू जे दाखवशील त्यावरून मला नजर वळवू देऊ नकोस.