विमानाची प्रदक्षिणा

आमच्या गावातल्या जैन बस्तीच्या, म्हणजे जैन देवळाच्या, नव्या शिखरावर विमानातून फुलं टाकायची, असं पूजा कमिटीनं ठरवलं तेव्हा मी बेळगावात, अनगोळच्या खोलीवर होते. आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा फोन आला. विमानात पायलटशेजारी गावातला एकच माणूस बसणार होता. सगळ्यांनाच बसायचं होतं म्हणून चिठ्ठ्या टाकल्या, आणि निघाली ती आप्पांची. एरवी फोनवर दोन वाक्यांपुढं न जाणारे आप्पा त्या दिवशी बोलतच राहिले.

मी एरोनॉटिकल इंजिनिअरिंग शिकते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. विमानांचं शिकत असले तरी विमानात मी अजून बसलेले नाही, आणि आता आप्पा बसणार होते. सगळ्यात जास्त आनंद मलाच होईल, असं त्यांना वाटलं असणार. मी ‘छान झालं’ म्हणाले आणि फोन ठेवल्यावर त्यांनी सांगितलेली कार्यक्रमाची वेळ आठवून अस्वस्थ झाले. वेळ दुपारची होती.

आमचं गाव निपाणीपासून आत, डोंगराच्या पायथ्याला आहे. तिन्ही बाजूंनी डोंगर, पूर्वेला तेवढं मोकळं. उन्हाळा जवळ आला की दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो, डोंगर ओलांडतो आणि गावाच्या बाजूला खाली कोसळतो. लहान विमानाच्या इंजिनात फार ताकद नसते. असा वारा वरून दाबायला लागला तर ते वर चढण्याऐवजी खाली जातं. उंचावर असेल तर सावरायला वेळ मिळतो. शिखराच्या जरा वर असेल तर खाली जागाच नसते. त्यातून वळण घेत असेल तर आणखी वाईट, कारण तिरक्या पंखाला वजन उचलणं जड जातं.

आणि कमिटीला वळणच हवं होतं. विमानानं बस्तीला तीन प्रदक्षिणा घालायच्या, त्याही खालून, लोकांना फुलं टाकणारा हात दिसेल इतक्या खालून. प्रदक्षिणा म्हणजे बस्ती उजव्या हाताला राहणार. पायलट बसतो डावीकडं. बस्तीकडं बघायचं तर त्याला आप्पांच्या पलीकडं वाकून बघावं लागणार, आणि तेवढ्या वेळात डाव्या अंगाला डोंगर.

हे सगळं मला कागदावर आकृती काढून सांगता येतं. माणसांसमोर उभं राहून सांगता येत नाही, ही माझी अडचण.

शनिवारी गावी गेले. आधी आप्पांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पायलट बी पोराबाळांचा माणूस असंल की गं. त्येला जीव नको व्हय?” यावरचं उत्तर मला रात्री सुचलं: पायलटनं हे गाव पाहिलेलंच नाही. त्याला कमिटी जे सांगेल तेच माहीत.

म्हणून दुसऱ्या दिवशी मंडपात कमिटीच्या बैठकीला गेले. तिथं आधीच एक वाद रंगला होता. देवाच्या डोक्यावरून माणसानं जावं का? एकजण म्हणत होता, हे पाप आहे. दुसरा म्हणत होता, हातात फुलं आहेत म्हणजे ती सेवा झाली. त्यावर सकाळ गेली. शेवटी आप्पांनी चप्पल काढून विमानात बसायचं, असं ठरलं आणि सगळ्यांचं समाधान झालं. मग मी उठले. कार्यक्रम सकाळी घ्या, वारा नसतो, आणि प्रदक्षिणा नको, उंचावरून सरळ जाऊ दे, एवढंच बोलले.

कमिटीचे अध्यक्ष, ज्यांना सगळं गाव अण्णा म्हणतं, ते म्हणाले की पाहुणे दुपारीच पोचणार आणि मुहूर्तही दुपारचाच आहे. मी म्हटलं, “अण्णा, दुपारी गुऱ्हाळाचा धूर वर जातोय काय? आपल्या घरात येतोय न्हवं? त्यो वाराच दाबतोय त्येला.”

“धुराला काय वजन हाय गं पोरी,” अण्णा म्हणाले. “विमान लोखंडाचं असतंय.”

मंडप हसला. मागून कुणीतरी म्हणालं, “पायलटीणबाईंची चिठ्ठी निघाली न्हाय, म्हणून ह्यो वारा.” आणखी हसले. आप्पाही खाली बघून हसले. मी बसले. चप्पल काढण्यावर जितकं बोलणं झालं त्याच्या पावपटही माझ्या बोलण्यावर झालं नाही. ते चुकीचं आहे असं कुणी म्हटलं असतं तरी मला बरं वाटलं असतं.

पूजेच्या दिवशी मी हट्टानं आप्पांबरोबर जीपमधून बेळगावजवळ सांबऱ्याला गेले. आप्पांनी नवीन पैरण घातली होती आणि शेवंतीच्या पाकळ्यांची बुट्टी सगळी वाट मांडीवर धरली होती. विमानतळावर पायलट आम्हाला न्यायला बाहेर आला. तो उत्तरेकडचा, वयानं माझ्यापेक्षा थोडाच मोठा. मी इंग्रजीतली वाक्यं पाठ करून आले होते. पहिल्या दोन वाक्यांतच गोंधळले, मग निम्मं हिंदीत, निम्मं हातांनी सांगितलं. मागं आप्पा जीपवाल्याला म्हणाले, “बघ, कसं इंग्लिश बोलतीया.”

पायलटला मोकळं मैदान आणि देऊळ एवढंच सांगितलेलं होतं. त्यानं मोबाईलवर नकाशा काढला, डोंगराच्या रेषांवर बोट फिरवलं आणि मला विचारलं की दुपारी वारा कुठून असतो. मी सांगितलं. त्यानं नकाशा पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाला, जाईन, पण डोंगरमाथ्याच्या खूप वरून जाईन, आणि फेरी मारायची तर डोंगरासकट मोठी मारीन. मी मान हलवली. आप्पांनी जीपजवळ चपला काढल्या, मला हात केला आणि आत गेले. मी त्यांना काही सांगितलं नाही. काय सांगणार होते?

आम्ही फाटकाबाहेर थांबलो. काही वेळानं जीपवाल्याच्या फोनवर अण्णांचा आवाज मला लांबूनही ऐकू आला. वर विमान नुसतं घारीएवढं दिसलं, फुलाची एक पाकळी बस्तीवर पडली नाही, सगळी पार पूर्वेला कुणाच्या उसात गेली, पाहुणे माना वर करून बसले होते. जीपवाला ‘व्हय अण्णा, व्हय’ करत माझ्याकडं बघत होता.

आप्पा परत आले ते रिकामी बुट्टी घेऊन. निपाणीचा रस्ता लागल्यावर त्यांनी ती पायाशी ठेवली. मग समोर बघतच म्हणाले की, आपण पायलटला हातानं खुणावत होतो, आणखी खाली, आणखी खाली. तो म्हणाला, तुमच्याच मुलीनं नको म्हणून सांगितलंय.

“खरंच पडलं असतं व्हय गं?” त्यांनी विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. “पडलंच असतं असं न्हाय, आप्पा. पडण्याची भीती लई हुती.”

“म्हंजे पडलं नसतं बी.”

“व्हय. नसतं बी.”

ते खिडकीकडं वळले. जे घडलंच नाही, ते घडू शकलं असतं, हे कशानं दाखवायचं? विमान धडपणे परत आलं, म्हणजे धोका नव्हताच. आणि विमान पडलं असतं तर माझं बोलणं खरं ठरलेलं ऐकायला आप्पा नसते. मला रागानं रडू येत होतं आणि जीपवाल्यासमोर रडायचं नव्हतं.

मंडपात शिरताच अण्णा समोर आले. त्यांनी आप्पांना न विचारता माझ्याकडंच बघितलं. “काय पायलटीणबाई, कुणाच्या उसाची पूजा केलीसा?”

मी तोंड उघडणार तोच आप्पा मध्ये आले. “तिचं काय न्हाय, अण्णा,” ते म्हणाले. “वर वारा लई हुता. खाली दाबत हुता. पायलटच भ्याला.”

मी त्यांच्याकडं बघितलं. मला वाचवायला ते खोटं बोलत होते, निदान त्यांना ते खोटं वाटत होतं.

अण्णांनी डोंगराकडं बघितलं, मग कमिटीच्या माणसांकडं. “आता असा वारा असतोय,” ते म्हणाले, “तर कुणीतरी आधी सांगाय नको व्हय?”

कुणी हसलं नाही. सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. आप्पा बुट्टी ठेवायला आत गेले, आणि मी पायाखालच्या सतरंज्या गुंडाळायला लागले.