कॅप्सूलमधली तारली

माशाच्या तेलाची कॅप्सूल आजोबा कधी गिळत नसत. पुढच्या दोन दातांत धरून फोडायचे, डोळे मिटून चव घ्यायचे आणि निकाल द्यायचे, "तारलो आसा गो बाय. पण शिळो."

मी जयपूरच्या एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. मूळची नागपूरची, त्यामुळे समुद्राचा मासा मला पुस्तकातूनच ठाऊक. हे कळल्यावर त्यांना माझी दयाच आली. त्यांचं सारं आयुष्य मालवणच्या किनाऱ्यावर मासेमारीत गेलेलं. बायको वारली, गुडघे गेले आणि बँकेत नोकरीला असलेल्या मुलाने त्यांना इथे आणलं. प्रताप नगरात तिसरा मजला, लिफ्ट नाही. राजा पार्कच्या बाजारात बर्फातला मासा मिळे, पण घरमालकाला अंड्याचं कवचसुद्धा चालत नसे. महिन्यातून एकदा माझ्याकडे तपासणीला येणं, एवढाच काय तो त्यांचा बाहेरचा फेरफटका.

म्हणून ते तासभर आधीच येऊन बसत. बाहेरच्या बाकावर गुडघे धरून बसलेल्या मारवाडी आजीबाईंना मोडक्या हिंदीत सांगत, "मांदेली हड्डी के साथ खाने का. चावके!" आजीबाई ओढणी नाकाला लावत. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ऐकणारा कोण आहे याचं त्यांना सोयरसुतकच नसतं. मला मात्र हसू आवरत नसे.

एकदा त्यांनी दार लोटून घेतलं. "बाय, माझा एक काम कर. कागदार लिव, ह्येका समुद्राचो ताजो मासोच व्हयो. डॉक्टरान लिवला तर धाडतंय, असा झील म्हणता. थय मालवणात पुतण्यो आसा, तो बघीत माका."

"आजोबा, मुलाला असं खोटं कसं लिहून देऊ?"

"खोटा खय? बांगड्यात काय आसता, सांग बघू."

मी सांगितलं. उत्तम प्रथिनं, हृदयाला चांगलं तेल, ड आणि बी-बारा जीवनसत्त्वं, आयोडीन. प्रत्येक नावाला ते मान डोलवत होते, नातवाचे गुण ऐकावेत तसे. आणि मग मी, मोठी शहाणी, म्हणाले, "पण हे सगळं इथेही भागवता येतं."

आणि भागवून दाखवलं! जवस, अक्रोड, दही, डाळी, आयोडीनचं मीठ, ती कॅप्सूल. माझे तक्ते नेटके असतात, त्याचा मला फार अभिमान. मुलगा माझा तक्ता वाचून अगदी निश्चिंत झाला. तो वाईट नव्हता. बाप एकटा पायरीवरून पडेल, या भीतीने त्याला झोप लागत नसे.

आजोबांनी तक्ता इमानेइतबारे पाळला. रिपोर्ट सुधारले, वजनही वाढलं. "बघ, आता माका कायच कमी नाय," ते म्हणाले. मी त्यांचं अभिनंदन केलं. नंतर त्यांनी मालवणचं नाव काढलं नाही. बाकावरच्या आजीबाईंशीही बोलेनासे झाले.

या वर्षी एकदा मुलगा एकटाच वर आला. बदली झाली होती, बिकानेरला. "तिथे तर मासा दिसणारही नाही. पण मॅडम, तुमचा तक्ता आहे ना! जुना फाटला, नवा द्या."

मी नवा लिहिला. सही करताना हात अडला आणि खाली मराठीत एक ओळ घातली: 'शक्य असल्यास गावी राहून ताजा समुद्री मासा.'

त्याने ती वाचली. "शक्य असतं तर प्रश्नच नव्हता," तो म्हणाला आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली.

'शक्य असल्यास' कशाला लिहिलं मी? ते दोन शब्द गाळायला कितीशी हिंमत लागत होती?

मी त्याच्यामागोमाग खाली धावले. आजोबा गाडीत मागच्या सीटवर होते, शेजारी गाद्यांची वळकटी. त्यांनी काच खाली केली.

"दिलंस कागद?"

"दिला, आजोबा."

"बरा केलंस," ते म्हणाले आणि काच वर करून घेतली.