गेटवरचा प्रश्न

हसणार असाल तर आधी चहाचा कप खाली ठेवा. माझ्यापायी सांडायला नको.

आमची पल्लवी लातूरला नीटच्या क्लासला. अभ्यास चोख, पण रविवारच्या टेस्टला बसली की हातपाय गार, पाठ असलेलं सगळं गायब. मुख्य परीक्षा तोंडावर आलेली. क्लासच्या समुपदेशक मॅडमनी तिला सावकाश श्वास घ्यायला शिकवलं आणि मला म्हणाल्या, "ज्याची भीती वाटते, त्याचा घरी थोडा थोडा सराव करून घ्या."

मी कुठलंही काम अर्धवट करत नाही. पोरगी सुट्टीत गावी, उमरीला आली, तसं बैठकीचं परीक्षा केंद्र केलं. शाळेतून बाक आणले. दारातच झडती: कानातले काढ, चपला बाहेर. भाजी घेऊन आलेल्या बायकोलाही बांगड्या वाजतात म्हणून अडवलं.

"आवं, घर माझंच हाय न्हवं?"

"पेपर सुटल्यावर या."

शेजारचे गोविंदकाका वर्तमानपत्र वाचायला आले, त्यांना दुसऱ्या बाकावर उमेदवार म्हणून बसवलं. थोड्या वेळानं त्यांनी बोट वर केलं. "सर, लघवीला जाऊ का?"

पल्लवी मात्र शांतपणे उत्तरांचे गोल रंगवत होती. मी खुशीत मॅडमना व्हिडिओ कॉल लावला. "भीती गेली बघा. बाकीच्या पालकांनाही शिकवतो मी."

फोन चालूच ठेवून, ताट वाजवून पेपर संपवला. सराव पुरा व्हावा म्हणून, दर रविवारी क्लासच्या गेटवर उभा राहतो तसा डबा घेऊन अंगणात उभा राहिलो. ती बाहेर आली. नेहमीसारखं विचारलं, "मार्क किती पडतील?"

पोरगी दोन पावलं मागं सरली आणि मॅडमनी शिकवलेला सावकाश श्वास घ्यायला लागली.

"पेपरात तर चांगली होती की," गोविंदकाका म्हणाले. "तुमाला बघून बिघडली."

फोनमधून मॅडमनी विचारलं, "पल्लवी, सगळ्यात मोठी भीती हीच का?"

"हाव. पेपर लिहिताना गेटवरचे पप्पाच दिसतात."

झालं, उपचार माझ्यावर सुरू. गेटवर खोल श्वास घ्यायचा आणि फक्त "काय खाणार?" विचारायचं. बायको पल्लवी बनून, दप्तर अडकवून स्वयंपाकघरातून यायची, माझ्या तोंडून मार्कच निघायचे. "नापास," ती म्हणायची. "परत उभे राहा."

पुढच्या रविवारी लातूरला गेटवर उभा राहिलो. पल्लवी दिसताच छाती भरून श्वास घेतला.

ती हसत जवळ आली. "आज पेपरात तुम्ही दिसलेच न्हाई. भजे खाऊ चला." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "अन् पप्पा, तो श्वास सोडा आता. तोंड लाल होऊन राहिलं."