रुखसानाची काळी नखं

बातमी आली तेव्हा मी एका शाळेत मुलींशी बोलत होते. टेबलावर उलटा ठेवलेला फोन थरथरत राहिला. बाहेर येऊन परत लावला, तर रुखसानाचा भाऊ एवढंच म्हणाला, "दीदी गेली, ताई." मूत्रपिंडाच्या आजारानं ती वर्षभर कळमनुरीहून नांदेडला डायलिसिससाठी जात होती, त्यामुळे हा फोन कधीतरी येणार हे मला माहीत होतं. तरी मी वर्गात परत गेले आणि राहिलेलं बोलणं पूर्ण केलं... ते कसं केलं, मला आठवत नाही. कळमनुरीला पोचले तोवर तिला घरातून नेलं होतं.

आम्ही दोघी हिंगोलीला एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाला, एकत्र होतो. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडं आमचं गाव. बी.ए. झालं, आता बास, असं वडिलांनी ठरवलं होतं, आणि पहिल्या सहामाहीनंतर मी कॉलेजला जाणं बंद केलं होतं. रुखसाना एका सकाळी न सांगता घरी आली. माझ्या शिक्षणाबद्दल ती एक शब्द बोलली नाही. आई ओसरीवर तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसली होती, ही तिच्यासमोर बसली आणि सुपातल्या शेंगा उचलून सोलायला लागली. दोघी दुपारपर्यंत बोलत होत्या. हिच्या वडिलांचं गाद्या भरायचं दुकान, आईचं गुडघ्याचं दुखणं, धरणाचं पाणी, सगळं झालं. आई हसून म्हणाली, "पोरी, तू सुरेखाला भेटायला आली का माझी सून व्हायला?" तेव्हा कुठं रुखसाना म्हणाली, "काकू, तुमच्या सुरेखाला शेंगा सोलता येत न्हाईत. तिला शिकू द्या, दुसरं काय करणार ती?" त्या रात्री वडिलांशी आईच बोलली. पुढच्या सोमवारी मी कॉलेजात होते.

तिची गृहभेटीची रीत हीच होती. आठवड्यातले दोन दिवस आम्हाला क्षेत्रकार्यासाठी गावात पाठवत. आम्ही बाकीचे विद्यार्थी गेल्या गेल्या वही काढायचो, आणि घरातली बाई पदर सावरून शाळेतल्यासारखी उत्तरं द्यायची. रुखसाना आधी काहीतरी हातात घ्यायची. डाळ निवडायची, लसूण सोलायची, लेकराची वेणी घालायची. रिकाम्या हातानं माणसाला काही विचारू नये, असं ती म्हणायची. तुरीच्या दिवसांत तिची नखं शेंगांच्या चिकानं काळी झालेली असायची. एकदा चर्चेच्या तासाला सरांनी ती पाहिली आणि विचारलं, गृहभेटीला गेला होता का शेतात? "दोन्हीकडं, सर," ती म्हणाली. वर्ग हसला, सरही हसले.

दुसऱ्या वर्षी आम्हा दोघींना साखऱ्याच्या बाजूचं एक गाव मिळालं. त्या गावाचं आणि त्या घराचं नाव मी लिहीत नाही. लोकांचं लोकांपाशीच ठेवायचं, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. त्या घरात दहावीतली एक मुलगी होती. तिची आई फारशी कुणाशी बोलायची नाही, रुखसानाशी बोलायची. पौषातल्या एका दुपारी, दोघींच्या मध्ये शेंगांचं सूप असताना, ती बोलता बोलता सांगून गेली की पोरीचं जमलंय. मुलाकडचे घाई करून राहिलेत, परीक्षेच्या आधीच उरकायचं. पोरगी रडते, पण ह्यांच्यापुढं आपलं काय चालतं? मी बाजूलाच बसले होते. रुखसानाचे हात थांबले नाहीत.

मग ती दोन-तीन दिवस जेवली नाही. पुन्हा एकदा जाऊन तिनं मुलीच्या वडिलांना समजावून पाहिलं. त्यांनी चहा पाजला आणि विषय बदलला. सरांनी सांगितलं, मुलीच्या आयुष्याचा प्रश्न येतो तिथं गोपनीयता थांबते. हे पुस्तकातही होतं, परीक्षेत आम्ही दोघींनीही लिहिलं होतं. शेवटी तिनं बालविवाह थांबवणाऱ्या अधिकाऱ्यांना फोन करून कळवलं. लग्नाच्या आदल्या दिवशी गावात जीप आली, आईबापाकडून लिहून घेतलं, मांडव निघाला. कुणी कळवलं ते अधिकाऱ्यांनी सांगितलं नाही. पण त्या बाईनं ही गोष्ट बाहेरच्या एकाच माणसाला सांगितली होती.

त्यानंतर आम्ही गेलो तेव्हा ती बाई दारात उभी राहिली. बसा म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही. आमच्याकडं दारात आलेल्या वैऱ्यालाही पाणी विचारतात. आवाज न चढवता म्हणाली, "तू माझ्या शेंगा सोलल्या म्हणून तुला सांगितलं, बाई. खुर्चीवर बसली असती तर न्हाई सांगितलं असतं."

मुलीनं दहावीची परीक्षा दिली. पुढच्या दिवाळीच्या सुमाराला दुसऱ्या जिल्ह्यात, नातेवाइकांच्या घरी, तिचं लग्न उरकलं. ते आम्हाला फार उशिरा कळलं. रुखसाना पदवी घेऊन एका संस्थेत लागली, चांगलं काम केलं, पण त्या दिवसानंतर कुणाच्या घरात तिनं कशाला हात लावलेला मी पाहिला नाही. हात मांडीवर एकमेकांत गुंफून बसायची. एकदा मी चिडून म्हटलं, तू केलं ते बरोबरच होतं. ती म्हणाली, "बराबर होतं गं. पण मी आधी तिची मैत्रीण झाले आन् मग कळवलं. त्याचं काय करू?" आमच्या घरातही ती आईसमोर तशीच शेंगा सोलत बसली होती, आणि त्याच बसण्यातून माझी पदवी आली आहे.

शेवटची भेट नांदेडच्या दवाखान्यात झाली. अंगावर सूज होती. जायला उठले तेव्हा तिनं विचारलं, "ती बाई कशी आहे गं? कधी गेलीस तिकडं?" मी गेले नव्हते. जाईन म्हणाले.

ती गेल्यावर काही आठवड्यांनी गेले. बाई ओसरीवर शेंगा सोलत होती, केस बरेच पिकलेले. तिनं मला ओळखलं आणि विचारलं, दुसरी न्हाई आली? मी सांगितलं. तिचे हात थांबले. मग उठून तिनं पाण्याचा तांब्या आणला आणि सूप माझ्याकडं थोडं सरकवलं. आम्ही सोलत बसलो. मुलगी कुठं आहे, बरी आहे का, माहेरी येते का... सगळे प्रश्न तोंडाशी आले होते. एकही विचारला नाही. निघताना तिनं सोललेले दाणे एका पिशवीत भरले, गाठ मारली आणि म्हणाली, "तिच्या मायला दे."

ती माफी होती का, मला ठाऊक नाही. तसं ती म्हणाली नाही, आणि तिच्या वतीनं मी म्हणणं बरोबर नाही.

संध्याकाळी कळमनुरीला पिशवी रुखसानाच्या अम्मींच्या हातात दिली. दाणे परातीत ओतत त्यांनी विचारलं, "किसने दिए, बेटा?" मी म्हणाले, रुखसानाच्या ओळखीच्या एका बाईनं. नाव सांगितलं नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. परात घ्यायला मी हात पुढं केला, तर त्यांनी तो धरला, उजेडाकडं वळवला आणि माझ्या काळ्या पडलेल्या नखांवरून अंगठा फिरवत राहिल्या.

"ऐसेच आती थी घर कू," त्या म्हणाल्या.